दर बुधवारी वाचनात

“बालगृहाची जुनी नोंदवही? वाचनात आहे,” अभिलेखागारातला लिपिक मान वर न करता म्हणाला.

“या बुधवारीही?”

“दुसऱ्या कुठल्या वारी या की.”

“बुधवारीच बंद असतं माझं दुकान. एरवी ते काय तुम्ही उघडणार?”

“कोणाकडे आहे तेही सांगता येत नाही. नियम आहे.”

घड्याळजी चडफडत येणाऱ्यांच्या वहीकडे वळला. त्याच्या आधीची सही नेहमीचीच, शेवटी स्प्रिंगसारखं दोन वेढ्यांचं शेपूट असलेली. मावशींची.

त्या खिडकीपाशी खाकी वेष्टनातलं जाडजूड बाड उघडून बसल्या होत्या. तो समोर बसून शाळांचे जुने दाखले चाळू लागला. दोन वर्षं हेच चाललं होतं.

पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, “मावशी काय म्हणता? एवढी म्हातारी दिसते? ताई म्हणा.”

“तो शब्द नको. तीन वर्षांचा होतो, सख्ख्या ताईनं बालगृहात टाकलं मला. तिलाच शोधतोय. सापडली की विचारणार, लाज नाही वाटली? मग जन्मात तोंड बघणार नाही तिचं.”

मावशींनी आपल्या पेन्सिलीला टोक काढलं आणि ती त्याच्यापुढे सरकवली.

तेव्हापासून दर बुधवारी एकच प्रश्न. “जेवलास का रे?”

त्यालाही सवय झाली होती. काही हाती लागत नव्हतं, तरी तो यायचा.

पुढच्या बुधवारी खिडकीपाशी कोणी नव्हतं.

“मावशी गेल्या हो, शुक्रवारी,” लिपिक हळूच म्हणाला. “झोपेतच. तुमची नोंदवही मात्र आज मोकळी आहे.”

त्यानं खाकी वेष्टनातलं बाड आणून ठेवलं.

घड्याळजी क्षणभर त्या वेष्टनाकडे बघत राहिला. मग त्यानं वही उघडली. पानं सराईतपणे एका जागी दुभंगली.

‘मुलगा, वय तीन. आई तापाने वारली. आणणार बहीण, वय तेरा, घरकाम करते. मालकीण मुलाला ठेवू देत नाही. बहीण दर रविवारी भेटीस येईल.’

खाली वेगळ्या शाईत : ‘मुलगा दत्तक दिला. बहिणीस पत्ता कळवू नये.’

आणि आणणाऱ्याच्या रकान्यात, रेघ सोडून वर गेलेली एक पोरसवदा सही. तिच्या शेवटी स्प्रिंगसारखं दोन वेढ्यांचं शेपूट होतं.