रत्नाबाईला माफी

जयवंतने भाकरीचं ताट स्वतः न घेता शेजारच्या माणसाकडे सरकवलं. द्राक्षरसाच्या प्याल्याचंही तसंच केलं. त्याची बायको अनुसया गेल्यापासून प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षरस वाटतात तेव्हा, तो असंच करत होता.

उपासना संपली. पिरंगुटच्या भाड्याच्या हॉलमध्ये खुर्च्या एकात एक घालायचं काम सुरू झालं. चर्चचे पाळक दादासाहेब त्याच्याजवळ येऊन बसले.

"आजही नाही घेतलंत."

"मनात राग ठेवून घेऊ नये, असं तुम्हीच सांगता."

"अजून रत्नाबाईंचाच?"

जयवंतने मान डोलावली.

दादासाहेब त्या दिवशी बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकावर बोलले होते. देवाने सगळं चांगलं निर्माण केलं. मोह झाला, फळ खाल्लं गेलं. विचारल्यावर आदामाने हव्वेकडे बोट दाखवलं, हव्वेने सापाकडे. 'माझं चुकलं' एवढं म्हणायला बागेत कुणी तयार नव्हतं.

"माझ्या बाबतीत तसं नाही," जयवंत म्हणाला. "मी उगाच कुणावर ढकलत नाही. कुणी केलं ते सगळ्यांना माहीत आहे."

"असू दे की. तुम्ही माफ करून मोकळे व्हा. नाहीतर हे ताट असंच पुढे देत बसाल, मरेपर्यंत."

कोळवणच्या एसटीत त्याला खिडकीशी जागा मिळाली. शेजारची जागा मोकळीच राहिली. अनुसयेला डायलिसिसला नेताना तो तिला खिडकी द्यायचा.

तिच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा तो एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला होता. मूल नव्हतं. स्वयंपाक त्याने आपल्याकडे घेतला. पाणी मोजून द्यायचा. फळ घरात आणायचा नाही. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, तेव्हा पौडला जाऊन कमी सोडियमचं महागातलं मीठ आणलं, तिला अळणी खावं लागू नये म्हणून. "आता कुठं भाजीला चव आली," असं ती म्हणाली होती.

गावात आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने जात नाही, आणि आजारी म्हटलं की शहाळं आलंच. जयवंत दारातच सांगायचा, तिला शहाळं म्हणजे विष आहे, त्यातलं पोटॅशियम तिच्या किडन्यांना झेपत नाही. लोक ओशाळून परत न्यायचे.

एके दुपारी तो औषधं आणायला गेला. शेजारची रत्नाबाई अनुसयेजवळ बसली. तो परतला तेव्हा ती घरी गेली होती, आणि कॉटखाली रिकामं शहाळं होतं, नळीसकट. अनुसया झोपली होती. सकाळी दवाखान्यात नेल्यावर तिचं हृदय बंद पडलं. रक्तात पोटॅशियम वाढलं होतं, डॉक्टर म्हणाले, काय खायला दिलंत? जयवंतने शहाळ्याचं सांगितलं. मग दवाखान्याच्या दारात, सगळ्यांसमोर, त्याने रत्नाबाईला विचारलं.

"व्हय," ती म्हणाली होती. "म्याच आनलं हुतं."

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नव्हता. ती भाकऱ्या पाठवायची. तो त्या कुत्र्याला घालायचा.

संध्याकाळी तो तिच्या अंगणात जाऊन उभा राहिला. हातात पिशवी होती. रत्नाबाई चुलीपुढे बसली होती. तिने वर बघितलं आणि पदर सारखा केला.

"बसा की भाऊ. खुर्ची काय चावत न्हाई."

तो बसला.

"मी तुम्हाला माफ करायला आलोय."

रत्नाबाईने लाकूड आत सारलं. धूर आला. तिने डोळे पुसले.

"चूक माजीच हाय, भाऊ," ती म्हणाली.

ती हुज्जत घालेल, अशी तयारी करून तो आला होता. पाळकांना बागेत न सापडलेलं वाक्य ही बाई चुलीपुढे बसून सहज बोलली होती.

"जेवून जावा. पिठलं हाय. का आमच्या घरात बी कुत्र्याला घालनार?"

जयवंतला बऱ्याच दिवसांनी हसू आलं. ताट पुढे आल्यावर त्याने पिशवीतून मिठाचा पुडा काढला.

"हे आपलं माझं. तिच्याबरोबर खाऊन सवय झाली. दुसरं मीठ आता जिभेला नको वाटतं."

रत्नाबाईने पुड्याकडे बघितलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

तो पोटभर जेवला. हात धुऊन उभ्यानेच छोटी प्रार्थना केली. त्यात त्याने रत्नाबाईचं नाव घेतलं. ती डोकं खाली घालून ऐकत राहिली.

"पुढच्या रविवारी प्रभुभोजन घेईन म्हणतो," तो म्हणाला.

"घ्या. अनुसयेला बरं वाटंल."

तो गेला आणि रत्नाबाईची सून पिंकी कामावरून आली. हिंजवडीकडच्या एका दवाखान्यात ती औषधांच्या काउंटरवर असायची. ताटाजवळ राहिलेला पुडा तिने उचलून मागून वाचला.

"आत्या, हे मीठ काकांचं? काकूंना पण हेच द्यायचे?"

"व्हय."

"अहो, ह्यात पोटॅशियम आहे. किडनीच्या पेशंटला देऊ नका, असं बारीक इंग्लिशमध्ये लिहिलंय." ती तशीच दाराकडे वळली. "मी हाक मारते काकांना. एका शहाळ्यापायी सगळं पाप तुम्ही एकट्यानी का घेता डोक्यावर?"

रत्नाबाईने तिचा दंड धरला.

"गप ऱ्हा. ठावं हाय मला. तवाच त्येंच्या घरातला असलाच पुडा म्या डॉक्टरला दावला हुता, त्येनंच सांगितलं. त्यो माणूस आज कुटं पोटभर जेवलाय, त्येला झोपू दे."

"अहो, पण शहाळं तर तुम्हीच पाजलंत ना?"

"अनुसयेनं तोंडाला बी लावलं न्हाई. 'मला चालत न्हाई, तूच पी' म्हनली. म्याच प्याले."