पान नऊ

"पान नऊ पाहा, तसा अर्ज लिहून आणा." कचेरीतल्या कारकुनाचं हेच वाक्य ऐकून तेलंगणातल्या बाजारहत्नूरच्या राहीबाई तिसऱ्यांदा परतल्या. महिला मंडळाच्या मराठी पुस्तिकेत पान नऊवर विधवा पेन्शनच्या अर्जाचा नमुना नव्हताच. गुरांच्या लसीची माहिती होती.

"कोनं लिवलं असंल माय हे? हात झडो त्याचा!" माझ्या ओट्यावर बसून त्या कडाडल्या. "तीन डाव बसनं आली मी. काऊन?"

मीही संतापले. चार पानं पुढं उलटायला त्या कारकुनाचे हात मोडले होते का? घरातलं मूळ तेलुगू पुस्तक काढलं. त्यात नमुना पान नऊवरच होता. मराठीत तो तेरावर सरकला होता, अनुक्रमणिकेतला आकडा मात्र तेलुगूतला तसाच उतरवलेला. तेरावं पान दुमडून राहीबाईंच्या हाती दिलं आणि म्हटलं, "पुढल्या बाईला हेलपाटा पडणार नाही."

 

भाषांतरावर माझं नाव नको, ही सेवा आहे, असं मंडळाला मीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी रोजचं एकशे आठ वेळा रामनाम लिहून झालं आणि त्याच पेनानं मी मंडळातून आणलेल्या गठ्ठ्यातल्या पहिल्या एकशे आठ पुस्तिकांत नऊ खोडून तेरा लिहायला बसले.