अकरा वाजेपर्यंत

"अकरा वाजेपर्यंत सही करू नकोस."

ब्रॉनी ट्रेलोरने फोनवरची ती ओळ तिसऱ्यांदा वाचली आणि गॅस प्लांटच्या जेवणाच्या खोलीत आपल्याकडे कुणी बघतंय का, ते हळूच पाहून घेतलं. मंगळवार, सकाळचे साडेआठ झाले होते. ओळ एका वेबसाइटवरची होती. तेल आणि गॅसच्या धंद्यातले इंजिनियर तिथे काय वाट्टेल ते विचारतात. पाइप किती जाड हवा, नोकरी सोडू का, साहेब छळतो तर काय करू. ब्रॉनीनंही खोट्या नावानं विचारलं होतं. कॉम्प्रेसरचा सेफ्टी व्हॉल्व्ह चाचणीत अडकतोय, दाब वाढला तरी वेळेवर उघडत नाही. नव्या व्हॉल्व्हचा ट्रक पुरामुळे वाटेत कार्नारव्हन गावाला थांबलाय, गुरुवारी येईल. वरचे म्हणतात, जुन्यावरच यंत्र सुरू करा, आणि सही मागतात माझी. सही दिली तर माणसांच्या जिवाशी खेळ. नाही दिली तर या महिन्यात संपणारं माझं कंत्राट काही पुढे वाढत नाही. काय करू?

उत्तर 'जुना पाना' नावाच्या कुणीतरी दिलं. त्याच्या प्रत्येक उत्तराखाली एकच ओळ असायची : आधी चहा, मग सही. आधी त्यानं शहाण्यासारखं विचारलं, किती दाबाला उघडला, किती उशिरा उघडला. काल मात्र लिहिलं, "पूर्वेच्या जिन्याखाली कामावरची पोरं सावलीला बसतात, त्यांना तिथून उठव."

पूर्वेचा जिना तिनं कुठेच लिहिला नव्हता.

माणूस इथलाच. आणि इथला म्हणजे डेस प्रिंगल, दुसरं कोण? साठी उलटलेला सुपरवायझर, निवृत्तीला सहा महिने राहिलेले, पर्थच्या मुख्य ऑफिसचे फोन दिवसातून दहादा त्यालाच यायचे. शेवटी शेवटी वरच्यांची मर्जी कोण घालवतो? परवा तर तो तिच्या खांद्यावरून डोकावला होता.

"काय गं, बोटं झिजतील की! एवढं कुणाला विचारतेस?"

"आईला."

"आईला व्हॉल्व्हमधलं कळतं? नशीबवान आहेस बाई." सगळी खोली खो खो हसली होती.

आणि आता म्हणे अकरापर्यंत थांब. का थांबू? उशीर झाला की खापर माझ्याच डोक्यावर फोडायला? सरळ सरळ सापळा होता.

नऊ वाजता डेसनं सगळ्यांना लाल पेटीपाशी बोलावलं. यंत्रात हात घालणारा प्रत्येक जण त्या पेटीला आपलं कुलूप लावतो, वर नावाची पाटी अडकवतो. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. एक जरी राहिलं तरी यंत्र सुरू होत नाही, आणि तोडायचंच तर मोठ्या मॅनेजरला जातीनं पर्थहून यावं लागतं. गेल्या वर्षी एक वेल्डर चावी खिशात घेऊन विमानात बसला आणि दोन दिवस सगळं ठप्प झालं. डेसनंच त्याला घरी बसवला होता. तेव्हापासून विमानाच्या दिवशी तो एकेकाचे खिसे चाचपून बघायचा.

"ब्रॉनी, तुझं कुलूप काढ. आत्ता, माझ्यासमोर."

"एवढी काय घाई आहे? अजून सही तर..."

"सहीचं मग बघू. काढ म्हटलं ना?"

तिनं काढलं. डेसनं चावी निरखून तिला परत दिली आणि वहीत तिच्या नावापुढे वेळ लिहिली, नऊ वाजून दहा मिनिटं. पुरावे गोळा करतोय मेला, तिच्या मनात आलं. मग त्यानं बॅग खांद्याला लावली. प्लांटवरच्या पाळीचे त्याचे पंधरा दिवस भरले होते, घरी जायचं दहा चाळीसचं विमान होतं.

"येतो गं. चहा पी, तोंड बघ कसं झालंय."

आग लावून हा निघाला घरी! तिला त्याचा इतका राग आला की तिनं पाठच फिरवली.

सव्वादहाला पर्थहून फोन आला. "अकराच्या आत सही हवी. नाहीतर सही करणारे पुष्कळ आहेत." ब्रॉनी कागद पुढ्यात घेऊन बसली. जुना पाना म्हणतो थांब, म्हणजे थांबण्यातच आपला घात आहे. या एका विचारानं तिला पुरतं घेरलं. दहा पन्नासला तिनं डोळे मिटून सही ठोकली आणि कंट्रोल रूममध्ये यंत्र सुरू करणाऱ्या काझच्या टेबलावर कागद टाकला.

"करतेयस खरी," काझ म्हणाली. तिनं चाळीस यंत्रं सुरू केली होती आणि शंभर इंजिनियर पाहिले होते. "चल, पेटी बघून येऊ. रिकामी पेटी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही."

पेटी रिकामी नव्हती. एक कुलूप तिथेच होतं.

काझनं पाटी वाचली आणि डेसला फोन लावला. बंद. विमान केव्हाच उडालं होतं. "डेस विसरला? डेस? अख्ख्या प्लांटचे खिसे चाचपणारा?" तिनं फोन खिशात टाकला. "गेली म्हाताऱ्याची नोकरी. आणि मोठे मॅनेजर येऊन कुलूप तोडेपर्यंत, म्हणजे गुरुवारपर्यंत आता इथलं पान हलत नाही."

गुरुवारी ट्रक येणार होता.

ब्रॉनीनं पाटी उलटी केली. मागे डेसच्या जाड अक्षरात लिहिलं होतं : आधी चहा, मग सही.