चार नोकर

पूजाचं लग्न झालं त्या साली, म्हणजे २००१ मध्ये, तिच्या बापाने, तांड्यावरच्या उत्तमसिंगने, कळमनुरीत एका आइस्क्रीम कंपनीची एजन्सी घेतली. गावात दुसरी देणार नाही म्हणणाऱ्या कंपनीने वर्षाच्या आत समोरच दुसरी दिली. उत्तमसिंग ग्राहक मंचात गेला. त्याच्या वकिलाने बजावलं होतं, "पोटासाठी स्वतः राबणाऱ्याचंच इथं ऐकतात, नोकरचाकरवाल्या व्यापाऱ्याचं नाही."

अख्खा तांडा सुनावणी ऐकायला आलेला. उत्तमसिंगची बायको चंदाबाई पुढच्याच बाकावर बसलेली.

कंपनीच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "उत्तमसेठ, दुकानात नोकर किती?"

तांड्यासमोर कुणी सेठ म्हटल्यावर उत्तमसिंगची मान ताठ झाली. "चार!"

त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला. चंदाबाई ताडकन उठली.

"बराबर हाय साहेब, चारच! झाडू मारती ती मी, आइस्क्रीमचे कोन भरती ती मी, गल्ल्यावर बसती ती बी मीच. अन् चौथे हे, बर्फाच्या लाद्या वाहून राहिले. पगार कोनालाच न्हाई!"

मंचाच्या अध्यक्षांसकट सगळे हसले, आणि तक्रार टिकली.

२००३ च्या पोळ्याच्या आठवड्यात निकाल त्यांच्या बाजूने लागला. उत्तमसिंग त्याच साली आखाडात वारला होता.