पुण्याचं पेट्रोल

अनंतरावांनी घाईघाईनं बाटली तिरकी केली. थोडं डिझेल शर्टाच्या बाहीवर सांडलं. बाकीचं रामकिसनच्या पांढऱ्या कॅनमध्ये गेलं आणि आतल्या पेट्रोलनं ते निमूटपणे गिळलं. झाकण लावल्यावर कॅन पहिल्यासारखाच दिसत होता.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मैदानावर जुन्या गाड्यांची रांग होती आणि माणसं पुढच्या बाजूनं फोटो काढत होती. रामकिसनच्या शेवरोलेमागं मंडपवाल्याचा जनरेटर होता, तिथं कुणी फिरकलेलं नव्हतं. जनरेटरचं डिझेल उघड्या डब्यात होतं. पाण्याची रिकामी बाटली तिथंच पडलेली. आपण काही ठरवून केलं नाही, असं त्यांनी मनाला सांगितलं. ते खरंही होतं.

ठरवून ते एकाच कामासाठी आले होते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, आणि आज समिती गाड्या पाहणार होती. गाडी मूळची जशी होती तशीच हवी. समितीपुढं ती सुरू करून दाखवावी लागे. वडिलांची करडी फियाट अनंतरावांनी कॉलेजच्या ग्रंथालयातल्या दुर्मीळ पुस्तकासारखी जपली होती. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या गाडीच्या रबरी नळ्या खातं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. तेव्हापासून ते साधं पेट्रोल भरायला कचरत. टाकीत आज उस्मानपुऱ्यातल्या घरून इथं येण्यापुरतंच होतं, वर जेमतेम चार थेंब. गाडीवाल्यांच्या ग्रुपवर त्यांनी याबद्दल एकदा लांबलचक लिहिलं होतं. कुणी अंगठासुद्धा दाखवला नव्हता.

रामकिसनच्या एका फोटोला मात्र अंगठ्यांचा पाऊस पडे. शेंद्र्याची जमीन कंपन्यांना गेली, पैसा आला आणि त्यानं ही मोरपंखी शेवरोले घेतली. गाडी कसली, चाकांवरचा दिवाणखाना. आज तर ती क्रेनवर बसून आली होती. चाकांना धूळ लागू नये म्हणून, असं अनंतरावांनी ताडलं होतं. फियाटपाशी थांबलेले दोघं-तिघंही क्रेन दिसताच तिकडं पळाले.

तेही त्यांनी सोसलं असतं. पण त्यांची बायको उमा त्या गाडीत बसली.

फियाटमध्ये ती हल्ली बसतच नसे. बंद पडली तर ढकलायला मी नाही, असं म्हणून आजही ती रिक्षानं आली होती. आणि मघाशी शेवरोलेच्या पुढच्या सीटवर ती पदर सावरून बसली होती. रामकिसन दार धरून काहीतरी सांगत होता, गाडीमागं ठेवलेल्या कॅनकडं बोट दाखवत होता. त्यावर उमा हसली. तोंडावर हात न धरता, मान मागं टाकून. हे हसू अनंतरावांनी शेवटचं कधी पाहिलं होतं, ते त्यांना आठवेना. काय सांगत असेल? बिनइथेनॉलचं खास पेट्रोल आणलंय, आमच्या गाडीला साधं चालत नाही, असंच काही. सकाळी तो कुणाला तरी पुण्याचं पेट्रोल आणल्याचं सांगत होताच.

एक बाटली डिझेल. समितीपुढं ती शेवरोले नुसती खोकली, धुरानं काळवंडली, की पुरे. अनंतरावांना एवढंच हवं होतं.

ते समितीच्या टेबलाशी जाऊन आले. यादीत फियाट दुसरी, इंधन पेट्रोल, मालक अनंतराव, एवढी खात्री करून झाली होती. तिच्यामागं रामकिसनचं नाव पुकारतील, अशी त्यांची अटकळ होती. चालता चालता ते मनातल्या मनात शेवरोलेचा धूर पाहत होते.

फियाटपाशी रामकिसन वाकून उभा होता. एका हातात नरसाळं होतं, दुसऱ्या हातात पांढरा कॅन. कॅन उपडा होता. त्यातून आता एक थेंबही पडत नव्हता.

“ओतलं सगळं,” फियाटच्या टाकीचं झाकण बसवत रामकिसन म्हणाला. “ग्रुपवर तुमी लिवलं होतं ना, चांगलं पेट्रोल मिळत नाय म्हणून. पुण्याला गेलतो, तुमच्यासाठीच आणलं. तुमी आमच्याशी बोलत नाय, म्हणून म्हटलं वहिनींलाच सांगावं. लई हसल्या.”

अनंतरावांनी शेवरोलेकडं पाहिलं. “आणि तुमच्या गाडीला?”

“तिला कशाला पेट्रोल? आधीच्या मालकानं कवाच डिझेलचं इंजिन बसवलंय. तिला कुठला आलाय विंटेजचा नंबर? आवाज केला की ट्रॅक्टर वाटती, म्हणून तर क्रेनवर आणली. नुसती दाखवायला.” त्यानं फियाटच्या बॉनेटवरून हात फिरवला, एखाद्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. “अस्सल ही. आज हिला पास होताना बघायला आलोय मी.”

टेबलावरून पुकारा झाला. समितीचे तिघं उठून फियाटकडं निघाले. त्यांच्यामागं शेवरोलेभोवतीची सगळी गर्दी इकडं वळली.

अनंतराव गाडीत बसले. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी काच वर चढवली. बंद काचांच्या आत बाहीचा वास दाटून आला. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. उमा आत बसली, पदर मांडीवर नीट घेतला आणि त्यांच्याकडं पाहून हसली, मघासारखंच, तोंडावर हात न धरता.

“अहो,” ती म्हणाली, “करा ना सुरू.”