नांगरलेली शेगडी

"आधी गार होऊ द्या, मग पुसा," कोकिळाबाईंनी विहिणीच्या हातात मऊ फडकं दिलं. "तापल्या काचेला ओलं लागलं की ती फुटतेच. पुनमने तेच तर केलं. वर वरण उकळत होतं आणि ही खाली फडकं फिरवत बसली. आता शेगडीला नवी काच बसवलीय. जरा जपून हं."

यशोदाबाईंनी मान हलवली. पिंपळनेरहून पहिल्या एसटीने त्या धुळ्याला आल्या होत्या. लेक भाजली हे त्यांना आठव्या दिवशी कळलं, तेही तिसऱ्याच माणसाकडून. आल्यापासून त्यांना नुसतं बसवत नव्हतं. सकाळचा चहा उतू जाऊन डाव्या बर्नरभोवती करपला होता, तेवढं तरी निस्तरू म्हणाल्या. विहिणीलाही ते बरंच वाटलं. चार वाजता हवालदार पुनमचा जबाब घ्यायला यायचे होते, घर चकचकीत दिसायला हवं होतं.

पुनम बाहेरच्या खोलीत एका कुशीवर पडली होती. मानेपासून दंडापर्यंत पट्ट्या. तिचा नवरा समाधान पायथ्याशी खुर्ची टाकून मोबाईल बघत होता. सकाळपासून तो तिथून हलला नव्हता. यशोदाबाईंनी आल्या आल्या विचारलं होतं, "कसं जायं व पोरी?"

"काच फुटली. वरण अंगावर सांडलं," पुनम म्हणाली होती.

एवढंच, आणि तेही शहरी बोलीत. मायशी पोर जन्मात अशी बोलली नव्हती. सहा वर्षं धुळ्यात नांदतेय, जीभ वळली असेल, अशी यशोदाबाईंनी स्वतःचीच समजूत घातली.

त्यांनी वरचे स्टँड उचलून बाजूला ठेवले. करपलेल्या डागावर सोडा भुरभुरला आणि वर ओलं फडकं टाकून थर भिजू दिला. घाई करायची नाही, हे त्यांना गेल्या दिवाळीनं चांगलंच शिकवलं होतं. तेव्हा याच शेगडीवर असंच दूध उतू गेलं होतं, आणि त्यांनी चुलीवरच्या सवयीनं उलथन्याच्या टोकानं ते खरवडून काढलं होतं. डाग गेला, पण काचेवर बर्नरपासून कडेपर्यंत एक तिरपा ओरखडा उमटला. कोकिळाबाईंनी मग आल्यागेल्याला ओट्यापाशी नेऊन दाखवलं, "आमच्या विहीणबाईंनी शेगडी नांगरली, बघा! हे त्यांच्या नांगराचं तास." सगळे हसले. यशोदाबाईही हसल्या, आणि एसटीत बसल्यावर रडल्या. नांगराचं तास निदान पेरायच्या कामी तरी येतं.

थर भिजून मऊ झाला. त्यांनी फडकं हळूच फिरवलं. तपकिरी पाणी वाहून गेलं, काच उघडी पडली आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

तास तिथंच होतं. बर्नरपासून कडेपर्यंत, तिरपं.

त्यांनी बोट फिरवून पाहिलं. नख अडकलं. टोमणा मारणारा विसरून जातो, खाणाऱ्याला मात्र त्याची लांबीरुंदी पाठ असते. ही काच फुटलीच नव्हती. ही काच बदललीच नव्हती. मग वरण सांडलं कसं? कोणी सांडलं?

त्यांच्या हातातल्या फडक्याचं पाणी ओट्यावर ठिबकत राहिलं. फडकं पिळायचंही भान राहिलं नाही.

"माय," बाहेरून पुनमचा आवाज आला. बारीक, घाबरलेला. "राहू दे माय. नको घसू ती काच."

आता मात्र पोर घरच्या बोलीत बोलली होती. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. समाधान स्वयंपाकघराच्या दाराशी आला, शेगडीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. त्याला काहीच दिसलं नाही. तो परत जाऊन बसला.

यशोदाबाईंना भीती वाटली, खरंच वाटली. बोललं तर लेकीचा संसार मोडला, आणि गाव म्हणणार की आईनंच मोडला. गप्प बसलं तर पुनम जबाबाच्या कागदावर सही करणार, आणि मग पुढच्या वेळी या घरात काय सांडेल ते देवालाच ठाऊक. त्यांनी काच पुन्हा एकदा पुसली. कोरड्या फडक्यानं, लख्ख.

हवालदार चारला आले. कोकिळाबाईंनी पाणी दिलं. हवालदारांनी मांडीवर कागद घेतला, पेन उघडलं. "बोला ताई. काय झालं?"

पुनमनं नवऱ्याकडे पाहिलं. "काच फुटली," ती म्हणाली. "वरण अंगावर..."

"लिखू नका दादा." यशोदाबाई दारात उभ्या होत्या. हातातलं फडकं त्यांनी अजून सोडलं नव्हतं. "काच फुटेल नही शे. तीच जुनी काच शे."

समाधान ताडकन उठला. कोकिळाबाई हवालदारांकडे बघून हसल्या. "मनावर घेऊ नका साहेब. खेड्यातली बाई आहे. तिला काचेतलं काय कळतंय?"

"काही नही कळत," यशोदाबाई म्हणाल्या. त्या दारातून हलल्या नाहीत. "पन ही शेगडी मीच नांगरेल शे, बठ्ठा गावले माहीत शे. मनं तास आजूनबी तठेच शे. या दादा, देखी ल्या."