चौघींतली एक

भिंतीवरच्या टीव्हीवर चौघींचे फोटो झळकले आणि कॉफी शॉपमधले सगळे फोन वर झाले. कोणालाच ते चुकवायचं नव्हतं.

"मावशी, पुढे या. लाजताय काय," मालक माइकवरून म्हणाले.

तिला सगळेच मावशी म्हणत, तिच्याहून वयाने मोठी गिऱ्हाइकंसुद्धा. ती ट्रे काउंटरवर ठेवून पुढे आली आणि बाकीच्या तिघींच्या शेजारी उभी राहिली. उंच पोरगी नखं खात होती. दुधाला फेस कसा आणायचा हेही तिला मावशीनेच शिकवलं होतं.

मालकांनी महिनाभरापूर्वी दुकानात फुकट वायफाय आणलं होतं. पासवर्ड नव्हता. फोन जोडला की कामावरच्या चौघींचे चेहरे यायचे आणि वर एक प्रश्न: या महिन्यात कोणाला घरी पाठवायचं? एका चेहऱ्यावर बोट ठेवलं की त्या दिवसापुरतं नेट सुरू. आधी चौघींनी ते हसण्यावारी नेलं. मग मालकांनी तोच प्रश्न बाहेरच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लावला आणि दुकानात बसायला जागा मिळेनाशी झाली. लोक मित्रांना घेऊन यायचे, कोणाचा फोटो दाबला ते एकमेकांना सांगून हसायचे आणि मग जिचा दाबला तिलाच बोलावून आणखी एक कॉफी मागवायचे. चौघींचं आपसातलं बोलणं आटलं. गिऱ्हाईक नुसतं इकडेतिकडे बघायला लागलं तरी दोघी दोघी पाण्याचा ग्लास घेऊन धावायच्या. मावशीचे गुडघे कुरकुरत होते, तरी तीही धावली. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

"ज्या वाचल्या त्यांचे फोटो जातील," मालकांनी जाहीर केलं.

पहिला फोटो गेला. ती पोरगी मटकन खुर्चीत बसली. दुसरा गेला. आता टीव्हीवर दोघीच उरल्या, मावशी आणि उंच पोरगी. पोरीने मावशीचं मनगट घट्ट धरलं. मावशीने तिच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

उंच पोरीचा फोटो गेला. मनगटावरची पकड सुटली.

मावशीचा चेहरा मोठा होत होत सगळ्या पडद्यावर पसरला. फोटो कोणीतरी तिच्या नकळत काढलेला होता, काहीतरी बोलताना, तोंड अर्धवट उघडं असलेला. मागच्या टेबलावरून एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

"थोड्याच मतांनी गेलात, मावशी," मालकांनी माइक तिच्या तोंडापुढे धरला. "दोन शब्द बोला. लोक ऐकायला थांबलेत."

तिने समोर पाहिलं. कुठे बघून बोलावं कळेना, सगळीकडे फोनच होते.

"खिडकीजवळच्या टेबलाची कॉफी राहिलीय," ती म्हणाली.

लोक पोट धरून हसले. कॉफी खरंच राहिली होती.

मालकांनी माइक बंद केला आणि आवाज खाली आणला. "मनाला लावून घेऊ नका. माझ्या मनात तुमच्याविषयी काही नाही. लोकांनी ठरवलं." एवढं म्हणून त्यांनी एप्रनसाठी हात पुढे केला. पाठीमागची गाठ तिला सुटेना. उंच पोरीने मागे येऊन ती चटकन सोडवली आणि तशीच खिडकीजवळच्या टेबलाकडे गेली.

कोपऱ्यातल्या टेबलावर मावशीची मुलगी बसली होती. कॉलेज सुटलं की ती रोज इथे येऊन अभ्यास करत बसायची, मग मायलेकी बरोबर घरी जायच्या. मावशी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली. इतक्या दिवसांत ती इथे गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर कधी बसली नव्हती.

"मी कोणाशी वाकडं बोलले नाही," ती हळूच म्हणाली. "कोणाला कधी गार कॉफी दिली नाही. रोज येणारे तर मला ओळखतात. मग माझा फोटो एवढ्या जणांनी दाबला तरी कसा?"

मुलगी वहीच्या कडेला बोट घासत राहिली.

"मीपण दाबायचे," ती म्हणाली.

"काय?"

"दाबल्याशिवाय नेट येत नाही, आई."

"रोज?"

"ते रोज विचारतं."

"आणि रोज माझाच?"

"मग कोणाचा दाबू? त्या तिघींचा दाबायला मला कसंतरीच व्हायचं. त्या बिचाऱ्या मला उरलेला केक आणून देतात. त्यांना कळलं असतं तर काय वाटलं असतं?" मुलीने वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आपलं काही चुकलं असं त्यांत कुठे दिसत नव्हतं. "तू तर आपली आहेस. आणि मला वाटलं, तुला कशाला काढतील. तुझ्यावाचून यांचं चालणार आहे का?"

मुलीच्या वह्यांशेजारी रिकामा कप पडला होता, तळाशी कॉफी वाळलेली. मावशीने सवयीने तो उचलला, बशीसकट, टेबलावर सांडलेली साखर तळहाताने गोळा केली आणि उठली.

"राहू द्या, मावशी," काउंटरवरून मालक म्हणाले. आवाज अगदी मायेचा होता. "गिऱ्हाइकांनी उचलायचं नसतं."

उंच पोरगी लगबगीने आली. मावशीच्या हातातून तिने कप घेतला, मग फडकं काढलं आणि मावशीच्या हातातली साखर पुसून घेतली, कोणाही अनोळखी बाईची पुसावी तशी, हसतमुखाने.